आतून कडी

मी हसले होते. ते आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं फार साळसूदपणे लिहिलं जाईल.

जानेवारीत जत्रेसाठी गावी गेले होते. तळकोकणात खाडीच्या काठावर आमची वाडी आणि वाडीच्या डोक्यावर मराठी शाळा. पहिली ते सातवी, पट सव्वीस. शाळेच्या मागे डोंगराची कड आहे. पाऊस लागला की तिथली माती सुटते आणि वर्गाच्या मागच्या भिंतीला येऊन टेकते. कितीतरी वर्षं अर्ज चालले होते. शेवटी आमदार निधीतून संरक्षक भिंत मंजूर झाली आणि भूमिपूजन जत्रेच्या दुसऱ्या दिवशी ठरलं. जत्रेला मुंबईकर येतात, गर्दी आयती मिळते, हे गणित आमदारांना कळत नसेल असं कुणी समजू नये. दहाचे बारा वाजले. मंडळाच्या प्लास्टिकच्या खुर्च्या उन्हात तापून बसवेनाशा झाल्या. टिकावाला घातलेला झेंडूचा हार सुकला. ओवाळायला उभ्या केलेल्या पोरींच्या तबकातली निरांजनं दोनदा विझली, दोनदा पेटवली. मग आमदार आले, टिकाव मारला, फोटो झाले. भाषण त्यांनी लांबवलं नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवते. उलट माईक हातात घेऊन ते मुलांच्या रांगेपाशी गेले आणि म्हणाले, "बोला रे, आणखी काय होया शाळेत? घाबराचा नाय, सांगा."

एका मुलाने क्रिकेटचा सेट मागितला. दुसऱ्याने मोठा टीव्ही. मग मुलींच्या रांगेतून सातवीतली एक काटकुळी पोर उभी राहिली, वेणीची रिबीन बोटाला गुंडाळत म्हणाली, "पोरींच्या संडासाक कडी होयी. भितूरसून." म्हणजे आतून.

माईक चालू होता. 'संडास' हा शब्द कर्ण्यातून निघून खाडीपर्यंत गेला असणार. आधी पुढच्या खुर्च्यांवरचे पुरुष हसले, मग बायका तोंडाला पदर लावून हसल्या, मग मांडवाच्या खांबाला टेकून उभी असलेली मी हसले. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, असं मी स्वतःला पुढे बरेच दिवस सांगितलं. आमदारही हसले, पण सगळ्यांत आधी थांबले तेच. त्यांनी विचारलं, "किती दिवस नाय कडी?" ती म्हणाली, "मी पयलेत होतंय तेवापासून." आमदारांनी मागे पाहिलं, त्यांच्या पीएने डायरीत काहीतरी लिहिलं, मुख्याध्यापक झेंड्याच्या खांबाकडे पाहत राहिले. पोर खाली बसली आणि तिने स्कर्ट गुडघ्यांवरून ओढून घेतला. चहा आला.

बाजारात कडी साठ रुपयांना मिळते.

मी याच शाळेतून सातवी झाले. तेव्हा कडीचा प्रश्न नव्हता, कारण दारच नव्हतं, कारण संडासच नव्हता. शाळेच्या उजव्या अंगाला काजूची झाडं होती. फांद्या पार जमिनीला टेकलेल्या, त्यामुळे आत एक काळोखी खोलीच तयार व्हायची. आम्ही दोघी-दोघींनी जायचो. एक आत, एक बाहेर. बाहेरचीने राखण करायची. राखण म्हणजे नुसतं उभं राहणं नव्हे. कुणी येताना दिसलं की मोठ्याने कविता म्हणायची, हा ठरलेला इशारा. मार्चमध्ये बोंडं पिकली की तिथे आंबूस-गोड वास भरायचा आणि मुलगे बोंडं गोळा करायला घुसायचे, म्हणून मार्चभर आम्ही पाणीच कमी प्यायचो. ही युक्ती कुणी शिकवली नव्हती. आपोआप कळायचं, जसं पाटावर बसताना परकर कसा सारखा करायचा ते कळतं. आठवीला मुंबईत वडिलांकडे आले, तर चाळीत मजल्याच्या टोकाला तीन संडास, त्यातल्या मधल्याची कडी कायम तुटकी. तिथे शेजारच्या मुलीला हाक मारायची, "चल ना गं, दार धर." ती बाहेरून दार ओढून धरायची. फटीतून तिची चार बोटं दिसायची. आतून त्या बोटांकडे बघत बसायचं, ती हलली की जीव धसकायचा. इतकी वर्षं ही बोटं मी विसरून गेले होते. आता माझ्या घरात दोन बाथरूम आहेत, दोन्हींना आतून कडी आहे, आणि ती लावताना मला कडी दिसतसुद्धा नाही. म्हणूनच मांडवात हसता आलं असावं.

माझे वडील चर्नी रोडच्या सरकारी छापखान्यात होते. विधिमंडळाचे कागद तिथे छापले जायचे. गणपतीला आणि मे महिन्यात ते गावी यायचे, तेव्हा ट्रंकेत आमच्यासाठी एका बाजूने छापून वाया गेलेले कागद आणायचे. कोऱ्या बाजूवर आम्ही गणितं करायचो आणि कंटाळा आला की कागद उलटून पुढची बाजू वाचायचो. तिथे तारांकित प्रश्न असायचे, म्हणजे आमदारांनी सभागृहात मंत्र्यांना विचारलेले. त्यांची एक ठरलेली चाल असते. अमुक तालुक्यातील तमुक रस्ता वाहून गेला, हे खरे आहे काय; असल्यास, त्याची कारणे काय आहेत; नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? आणि खाली मंत्र्यांचं उत्तर: 'हे खरे नाही.' किंवा 'प्रश्न उद्भवत नाही.' आणि सगळ्यांत सुंदर उत्तर म्हणजे 'अंशतः खरे आहे.' आमच्या घरात ती भाषाच होऊन गेली. डब्यातले लाडू संपले हे खरे आहे काय, असं वडील दारातून विचारायचे आणि आम्ही भावंडं एका सुरात, अंशतः खरे आहे! त्या कागदांमुळे आमदार म्हणजे प्रश्न विचारणारा माणूस, अशी माझी समजूत झाली ती कायमची. वडील म्हणायचे, सभागृहात काय बोलला हे छापून राहतं, बाकी सगळं निवडणुकीपुरतं. त्यांनी सबंध नोकरीत एकाही आमदाराशी बोलल्याचं मला आठवत नाही, पण कोण अभ्यास करून प्रश्न टाकतो आणि कोण नुसता मागच्या अधिवेशनाचा कागद पुढे सरकवतो, हे त्यांना खिळे जुळवता जुळवता कळायचं.

जत्रा आटोपून रात्रीच्या गाडीने मुंबईला परत निघाले. रेल्वेचं तिकीट मिळालं नव्हतं. कोकणात जन्मलेल्या माणसाला या वाक्याचा खुलासा लागत नाही. महाडला गाडी थांबली तेव्हा डोळे चोळत चहा घेतला आणि थंडीत उभी राहून गावाच्या दिव्यांकडे पाहिलं. एक गोष्ट मी बऱ्याच उशिरा वाचली आणि ती मला महाड आलं की आठवतेच. ४ ऑगस्ट १९२३ ला सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात ठराव मांडून मंजूर करून घेतला: सरकारी पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत. पुढच्या वर्षी महाडच्या नगरपालिकेने आपलं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. सगळं रीतसर. आणि अस्पृश्यांपैकी कुणी तळ्यावर जाऊ शकत नव्हतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांसोबत चालत तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले, तेव्हा कुठे कागदावरचं पाणी हाताला लागलं. आणि त्यासाठी त्याच दिवशी लोकांना मारही खावा लागला. कडीची आणि तळ्याची तुलना करायचा उद्धटपणा मी करणार नाही. पण बोल्यांचा ठराव नसता तर तळ्याकडे जाणाऱ्यांच्या हातात हक्काचा कागद नसता, हेही तितकंच खरं. वडिलांचं म्हणणं आणि त्यांच्या म्हणण्यातलं भोक, दोन्ही महाडच्या त्या स्टँडबाहेर मला एकदमच दिसतात.

त्या दिवशीच्या मांडवाचं आणखी एक चित्र राहून गेलं. चहाच्या वेळी आमदारांभोवती गावातले पोरगे जमले. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची फाईल, फाईलमध्ये बायोडाटा. पीए त्या गोळा करत होता, एकावर एक, लग्नातली आहेराची पाकिटं घ्यावीत तशा. त्यात माझ्या चुलतभावाचा मुलगाही होता. डिप्लोमा केलेला, अंगावर इस्त्रीचा शर्ट. गोव्यात मोपाला विमानतळ झाला तेव्हापासून इकडची पोरं मोटारसायकलवर हद्द ओलांडून तिकडे कामाला जातात. आमच्या चिपीचा विमानतळ २०२१ ला सुरू झाला, पण त्याने किती घरांत पगार आणला ते गावात कुणी अभिमानाने सांगताना दिसत नाही. उद्योगांनी ८० टक्के नोकऱ्या स्थानिकांना द्याव्यात हे सरकारचं धोरण आहेच. फक्त त्यातला स्थानिक म्हणजे राज्यात १५ वर्षं राहिलेला, म्हणजे चंद्रपूरचा माणूसही आमच्या कोकणातल्या लोटे एमआयडीसीत स्थानिकच. आणि गंमत अशी की ज्या चुलतभावाचा मुलगा फाईल घेऊन उभा होता, त्याच्या हापूसच्या बागेत राखणीला नेपाळी गुरखा आहे. खाली जेटीवर होड्यांवरचे खलाशीही नेपाळी. मी भावाला संध्याकाळी विचारलं, अरे, बाहेरच्या माणसाला पगार देतोस आणि घरच्या मुलासाठी आमदाराच्या मागे फिरतोस? तो ओटीवर पान जुळवत होता. म्हणाला, "बागेत ऱ्हवल्यार चेडू कोण देतलो तेका?" यावर विधानसभेत कुठला प्रश्न टाकायचा? खेड्यातील मुलांस मुली मिळत नाहीत, हे खरे आहे काय?

माझी म्हातारी काकी आतून हे ऐकत होती. तिचा आमदार-खासदारांबद्दलचा हिशोब वेगळा आहे. "दंडवत्यांका पयला मत दिलंय तेवा मी नवी व्हकल होतंय. गाडयेत बसलंय तेवा सून घरात होती." व्हकल म्हणजे नवरी. १९७१ ला मधु दंडवते राजापुरातून निवडून आले आणि कोकण रेल्वे सबंध मार्गावर धावली ती २६ जानेवारी १९९८ ला. तिच्या बोलण्यात तक्रार नाही. रेल्वेसारखी गोष्ट मागायची तर इतकं थांबायचंच, असं तिला वाटतं. कडीचं तिला सांगितलं तर ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, आमच्या वेळी तर... आणि वाक्य सोडून दिलं.

शाळेत सुरक्षा नाही असं मात्र म्हणता येणार नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरची ती बातमी आली, तेव्हा सबंध राज्यातल्या आईबापांच्या पोटात गोळा आला होता. त्यानंतर सरकारने शाळांसाठी निर्णय काढला: सीसीटीव्ही, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, सखी सावित्री समिती. आमच्या शाळेतही कॅमेरा लागला, लोकवर्गणीतून. मी पाहिला. तो फाटकाकडे आणि झेंड्याच्या खांबाकडे बघतो. पावसाळ्यात दिवसदिवस वीज नसते तेव्हा कुणाकडेच बघत नाही. समितीच्या सदस्यांची नावं भिंतीवर निळ्या रंगात सुबक अक्षरांत रंगवलेली आहेत. व्हरांड्यात लाकडी तक्रारपेटी आहे, तिच्यावर छोटं पितळी कुलूप. पेटीला कुलूप आहे, हे मी दोनदा पाहिलं आणि दोन्ही वेळा मला त्यात काही विचित्र वाटलं नाही. ती पोर मात्र रोज त्या पेटीसमोरून संडासाकडे जात होती. तिने चिठ्ठी का नाही टाकली? टाकली असती तर काय लिहिलं असतं? आमच्याकडे मुलींना 'तक्रार' या शब्दाची सवय नाही. 'होयी' हा शब्द येतो, तोही कुणी माईक पुढे केला तरच.

मुख्याध्यापकांना खलनायक करायला मला आवडलं असतं, लेख सोपा झाला असता. पण मी त्यांना फोन केला तर ते बिचारे स्वतःच खजील. तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये अनुदान. त्यात वीजबिल, खडू, झाडू, फिनेल, तौक्ते वादळात उडालेल्या कौलांच्या राहिलेल्या डागडुज्या. कडी त्यांनी दोनदा बसवली होती म्हणाले. दार फायबरचं आहे, स्क्रू धरत नाही, चार दिवसांत निघून येतो. आणि खाडीची खारी हवा. लोखंड वर्षभरात बिस्किटासारखं चुरतं. मग सवय झाली. "मुली सांगत नव्हत्या हो," ते म्हणाले. यावर मी काय बोलणार? मी त्या मुलींच्या वयाची असताना कुणाला सांगितलं होतं?

आमदारांचा निधी आता वर्षाला ५ कोटी. २०२२ पासून एवढा झाला. ऐकायला आकडा मोठा, पण आमच्या भागात प्रत्येक वाडीला एक पऱ्या, म्हणजे ओढा, असतो आणि प्रत्येक पऱ्याला साकव, म्हणजे छोटा पूल, हवा असतो. त्यातून भिंत होते, रस्ता होतो, स्मशानशेड होते. कडी होत नाही. दुरुस्तीचं हेड वेगळं, असं ग्रामपंचायतीत एकाने मला समजावून सांगितलं. भिंतीसाठी अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता असा जिना असतो आणि त्या जिन्याला सर्वांत खालची पायरीच नाही. त्या दिवशी मांडवात मी आमदारांचा फोन वाजताना ऐकला होता. अर्ध्या तासात कितीतरी फोन: कुणाचा ट्रान्सफॉर्मर जळालेला, कुणाला गोव्यात बांबोळीच्या हॉस्पिटलात खाट हवी, कुणाच्या बारशाला या. त्यांनी कायद्यावर कधी बोलायचं? आणि खरं सांगायचं तर आमच्या वाडीत आजवर कुणीही कुठल्या आमदाराला, अमुक विधेयकावर तुम्ही काय बोललात, असं विचारलेलं नाही. आम्हाला गावचा मुकादम हवा असतो आणि तो आम्ही मुंबईला आणि नागपूरला पाठवतो. मीही त्यातलीच. त्या माणसाने एका पोरीला, किती दिवस नाही, असं विचारलं, एवढ्यावर मी त्याच्यावर खूश होऊन बसले आहे, आणि तो कुठल्या पक्षाचा हे या लेखात यायला नको म्हणून धडपडते आहे.

गणपतीच्या आधी आठवडाभर गावी गेले, शाळेला सुट्टी लागायच्या आत. पिशवीत एक स्टीलची कडी होती, नटबोल्टवाली, कारण फायबरला स्क्रू चालत नाही हे आता मला माहीत झालं होतं. पाऊस सरींवर सरी. भिंत उभी राहिली होती, चांगली होती, काळ्या दगडाची, पाणी जायला भोकं ठेवलेली. भोकांतून लाल पाणी सुतासारखं पडत होतं आणि वर्गाची मागची भिंत बऱ्याच वर्षांनी कोरडी होती. पायरीजवळ संगमरवरी फलक. त्यावर सौजन्य, शुभहस्ते, उपस्थिती, सगळे मानकरी. ती पोर नव्हती. आठवीला दुसऱ्या गावच्या हायस्कुलात गेली, रोज एसटीने, असं कळलं.

मी मागे संडासाकडे गेले. दाराला कडी होती. नवीकोरी, जाडजूड आल्ड्रॉपची. बाहेरून. कुत्री आत जातात म्हणून ठेकेदाराने जाता जाता लावून दिली, असं शिपाईमामा नंतर म्हणाले. डायरीत 'संडासाला कडी' एवढंच उतरलं असणार. मी दार ढकलून आत गेले. आतल्या बाजूला, माझ्या छातीच्या खाली, दाराच्या भोकातून निळी नायलॉनची दोरी ओवलेली होती. जाळ्याची दोरी. तिला जाळं विणताना मारतात तशी पक्की गाठ, आणि दुसऱ्या टोकाला फास. चौकटीत खिळा ठोकलेला, जरा वाकडा, दगडाने ठोकल्यासारखा. उंची सातवीतल्या मुलीची. फासाजवळ दोरी मळून काळी आणि गुळगुळीत झाली होती, म्हणजे बरीच वापरातली. मी दार ओढून घेतलं, फास खिळ्यात अडकवला. दार दोन बोटं उघडं राहिलं. फटीतून पाऊस दिसत होता, भिंतीचा एक तुकडा आणि ओली बारीक पावलं.

पिशवीतली कडी काढायला मी खाली वाकले, तेवढ्यात बाहेरून आवाज आला. अगदी बारीक, दुसरी-तिसरीतला.

"काकी, दोरयेन दार घट ऱ्हवणा नाय. तुमी बसा, मी धरतंय."

आणि फटीत चार बोटं आली.